माझी पाठ

मेण थंड झालं की त्याचा रंग बदलत नाही, ते फक्त ऐकेनासं होतं. त्या दुपारी माझ्या हातातलं मेण असंच हट्टाला पेटलं आणि साच्यातला पुढचा दात तिरका बसला. पण चूक मेणाची नव्हती. पॉलिशवालीनं घासायची मोटर बंद केली होती, आणि स्टीलच्या पेल्यात उभा करून ठेवलेला तिचा फोन एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागला होता. तो दिवसभर वाजतच असतो, मोटरच्या घरघरीत त्याचं कुणाला काही नसतं. आमच्याकडे कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवतात, मी त्यांवर मेणात दात लावते, आणि शेवटी ही पोरगी तयार कवळी घासूनपुसून अशी चकचकीत करते की म्हाताऱ्या माणसाला ती तोंडात घालायची लाज वाटावी. तर पेल्यातून एक बाई ओरडत होती. घसा सोलून काढणारं खरंखुरं ओरडणं, आणि मागे गिटारींचा आवाज असा की पत्र्याचं गोदाम कोसळत असावं आणि कोसळून संपत नसावं. ती म्हणत होती, "मोज म्हणालास ना? मी मोजणार नाही. मोडेन, पण मोजणार नाही."

"हे काय लावलंयस?" मी विचारलं.

"मॅडम! हे तुम्हाला माहीत नाही?" पॉलिशवालीनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर गुलाबी भुकटी होती. "अख्खी दुनिया वेडी झालीये ह्या गाण्यावर. तिची स्वतःची गोष्ट आहे म्हणे. तिचा बाप तिला पट्ट्यानं मारायचा."

मी तिरका दात उपसून काढला. गाणं मला माहीत नव्हतं, पण ते वाक्य माहीत होतं, कारण ते माझं होतं. सोळाव्या वर्षी, घरातल्या मागच्या खोलीत, कपाटाच्या दाराला गाल टेकवून मी ते म्हटलं होतं, आणि ते म्हणताना कपाटाच्या रंगाची चव माझ्या ओठांना लागली होती. बाबा शाळेत कवायत शिकवायचे. आयुष्यभर त्यांनी आकडे मोठ्यानं उच्चारले. जिना चढताना पायऱ्या मोजायचे, आम्ही जेवताना आमचे घास मोजायचे, आई खोकायला लागली की तिचा खोकला मोजायचे. मारतानाही मोजायचे, आणि पुढे पुढे ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. "मोज," एवढंच म्हणायचे. आवाज चढवायचे नाहीत. गणवेशाचा पट्टा, पितळी बकलाचा. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी काय निमित्त झालं होतं ते मला आठवत नाही. निमित्तं लक्षात ठेवणं हे त्यांचं खातं होतं. मी म्हणाले, मी मोजणार नाही. ते क्षणभर थांबले. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनीही मोजायचं सोडून दिलं. आकडा नसला की शेवट नसतो, हे मला तेव्हा कळलं.

धाकटी तेव्हा दाराबाहेर उभी असायची. आठ वर्षांची, चड्डीच्या खिशात हात घालून. जन्मली तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं रडायची की आईनं तिचं नाव भोंगा ठेवलं होतं, आणि बाबांना ह्या भोंग्याचं कोण कौतुक! तिला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून ते बाजारात न्यायचे आणि "ओरड गं" म्हणायचे, आणि ती ओरडली की दुकानदार बाहेर येऊन हसायचे. तिच्या अंगाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. का, ते मला अजून समजलेलं नाही. नवशिकीची पहिली पोळी जशी करपते तशी मी करपले असेन, दुसरीपर्यंत तवा निवला असेल. आई म्हणायची, तुझ्या तोंडावर तुझा स्वभाव दिसतो, म्हणून मार खातेस. मग ती देवाघरी गेली, आणि धाकटी एकोणिसाव्या वर्षी एक गिटार आणि माझा चांगला कोट घेऊन निघून गेली. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी निरोप धाडला, गेले तेव्हाही धाडला. ती आली नाही. मधल्या सगळ्या काळात त्यांना मी भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. त्यांची कवळीसुद्धा मीच केली. ज्या तोंडातून "मोज" यायचं त्या तोंडाचा साचा माझ्या टेबलावर पालथा पडलेला असायचा, आणि मी त्याच्या हिरड्यांवर बोट फिरवून कुठे टोचेल, कुठे रुतेल ते बघत बसायचे. एक दातही टोचू दिला नाही मी त्यांना. आणि शेवटी डोकं गेल्यावर त्या दातांमधून ते रोज एकच विचारायचे, "भोंगा आली का?"

ती कुठल्याशा बँडमध्ये गाते हे माझ्या कानावर होतं. भिंतीवर एकदा तिचं पोस्टरही दिसलं होतं, डोळ्यांभोवती काजळाचे डाग, तोंड उघडं. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले होते.

"रविवारी आहे त्यांचा कार्यक्रम," पॉलिशवाली म्हणाली. "माझी मैत्रीण तापानं पडलीये, तिचं तिकीट फुकट जातंय. येता, मॅडम? गंमत म्हणून."

मी येते म्हणाले. तिलाच धक्का बसला. मग आठवडाभर चहाच्या वेळी तिनं माझी शिकवणी घेतली. साडी-बिडी नको, जाड बूट घाला, कुणीही पायावर उभं राहतं. कानात बोळे घाला, लाज वाटून घेऊ नका, आतले सगळे घालतात. आधी एक दुसराच बँड वाजवेल, त्याच्याकडे कुणी बघत नाही, तुम्हीही बघू नका. मग बराच वेळ नुसती माणसं येऊन ढोल ठोकून बघतील, दिवे लावतील-विझवतील, तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत. मग काळोख. आवाज कानांना नाही, इथे लागतो, असं म्हणत तिनं माझ्या छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "आणि मधोमध एक रिंगण मोकळं होईल, त्यात सगळे एकमेकांवर जाऊन आदळतात. तिकडे मुळीच जायचं नाही. पण भिऊ नका हं, मारामारी नसते ती. कुणी पडलं ना, की सगळे थांबतात आणि त्याला उचलतात. तो नियमच आहे."

"आणि न पडता मार बसला तर?" मी विचारलं. ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं.

आसपासच्या लोकांच्या तक्रारी होत्या म्हणून कार्यक्रम दुपारीच ठेवला होता. जुनं कापडाचं गोदाम होतं ते, उंच, छताजवळच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, तरी एका फटीतून उन्हाची सळई आत आलेली. दारात एका बाईनं माझी पिशवी उघडली, पाण्याची बाटली काढून घेतली आणि मला "आई, सांभाळून हं" म्हणाली. आत कपडे विकायला मांडले होते. काळे सदरे, एकावर एक गठ्ठे, आणि प्रत्येकाच्या छातीवर छापलेला एक पट्टा. पितळी बकलाचा. बकलाच्या खिट्टीला डाव्या बाजूला जो बाक आला होता तोसुद्धा धाकटीनं चित्रात उतरवला होता. ती खिट्टी माझ्या खांद्याखाली शिरली तेव्हा वाकली होती. पोरी रांग लावून ते सदरे घेत होत्या, अंगाला लावून एकमेकींना विचारत होत्या, सैल होतो का गं? पॉलिशवालीनंही घेतला, तिथेच आपल्या कपड्यांवरून घातला आणि माझ्यासमोर गिरकी घेतली. "कसा दिसतो, मॅडम?" मी म्हणाले, शोभतो. मला पाणी हवं होतं, आणि बाटली दारात राहिली होती.

सगळं तिनं सांगितलं तसंच होत गेलं. पहिला बँड आला, घामाघूम झाला, गेला. माणसं ढोल ठोकून गेली. मग काळोख झाला, आणि काळोखात एक घरघर सुरू झाली, इतकी खालची की ती कुठून येते ते न कळता आधी माझे दातच एकमेकांवर वाजायला लागले. बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांनी मिळून एक श्वास आत घेतला. दिवे फुटावेत तसे लागले आणि ती तिथे होती. भोंगा. केस एका बाजूनं कातरलेले, हातात माईक असा धरलेला की कुणी हिसकावून नेईल. पहिल्या आवाजानंच मला मागे ढकललं. खरं सांगायचं तर मला राग यायला वेळच मिळाला नाही. आधी मला अभिमान वाटला. बाजारातले दुकानदार बाहेर येऊन हसायचे तो आवाज आता एवढा झाला होता, ह्या एवढ्या लोकांच्या बरगड्यांत एकाच वेळी मावत होता, आणि मी वेड्यासारखी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगणार होते की ही माझी धाकटी बहीण. बोळ्यांमधून तिचे शब्द कळत नव्हते, नुसता सूर कळत होता. लहानपणी भूक लागली की ती असंच करायची, पट्टी एकदम वर. मी बोळे काढले.

नको होते काढायला. दोन-चार गाणी झाल्यावर ती थांबली. पाणी प्यायली, उरलेलं डोक्यावर ओतलं. मग अगदी हळू, आम्ही दोघी एका पांघरुणात झोपायचो तेव्हाच्या आवाजात म्हणाली, "पुढचं गाणं माझ्या पाठीचं आहे." लोकांनी आरोळी ठोकली. तिनं अंगातलं जाकीट काढून टाकलं आणि पाठ फिरवली. मागून उघड्या गळ्याचं पोलकं घातलं होतं तिनं, आणि पाठभर लाल पट्टे गोंदवलेले होते, एकावर एक तिरपे, सुजल्यासारखे फुगीर वाटावेत अशी सावली देऊन. आणि डाव्या खांद्याच्या हाडाखाली एक छोटी आडवी खूण. मी माझा हात मागे नेऊन, कपड्यांवरून चाचपून बघितलं. तिथेच. बरोबर तिथेच. ती खूण मी स्वतः कधी पाहिलेली नाही. आरशात मान वळवून बघायचा प्रयत्न करायचे तेव्हा जेमतेम टोक दिसायचं. माझ्या पाठीवर काय आहे ते मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, हजार माणसांत उभं राहून, दुसरीच्या अंगावर.

गाणं सुरू झालं. ती म्हणायची "मोज!" आणि सगळे ओरडायचे "मोजणार नाही!" पॉलिशवाली ओरडत होती, गळ्याच्या शिरा ताणून, डोळे मिटून. टक्कल पडलेला एक गृहस्थ ओरडत होता. पुढच्या कठड्याला चिकटलेल्या पोरी रडत रडत ओरडत होत्या. सगळ्यांना ते पाठ होतं. मी एकदाच म्हटलं होतं, त्या आवाजाला धड आवाजही म्हणता आला नसता, आणि त्याचं हे एवढं झालं होतं. मला वाटलं, आपणही ओरडावं, निदान आपल्या वाक्यात आपला आवाज असावा. मी तोंड उघडलं. घशातून काहीच आलं नाही. मग मी पुढे निघाले. का ते विचारू नका. तिला थांबवायला, किंवा तिच्या अंगावरची ती खूण जवळून बघायला. गर्दी एकदम फाटली आणि मी त्या रिंगणात होते जिथे मुळीच जायचं नव्हतं. कुणाचा तरी खांदा माझ्या पाठीवर आदळला आणि मी गुडघ्यांवर कोसळले. लगेच, खरोखर लगेच, चारपाच हातांनी मला काखेत धरून उभं केलं. एक दाढीवाला पोरगा माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडला, "ठीक आहात ना? लागलं का?" त्याच्याही छातीवर तो पट्टा होता. मी मान हलवली. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा जाऊन कुणावर तरी आदळला. लागलं का, हे मला आमच्या घरात कुणी विचारलं होतं का, ते मी आठवत राहिले. पुढचं गाणं कधी लागलं आणि शेवटी ते सगळे आत जाऊन लोकांच्या ओरडण्यानं परत कधी आले, ते मला कळलं नाही.

दिवे लागल्यावर पॉलिशवालीला मी म्हणाले, तू हो पुढे. आणि बाजूच्या लोखंडी दाराकडे गेले. तिथे उभ्या असलेल्या पहारेकऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बहीण आहे माझी," मी म्हणाले.

"इथे येणारा प्रत्येक जण तिचा बहीणभाऊच असतो, बाई."

"तिला सांगा, भोंगा म्हणणारी आलीये."

तो अनिच्छेनं गेला आणि आला तो वेगळाच चेहरा घेऊन. आतली खोली म्हणजे गोदामाच्या मालकाचं जुनं कार्यालय होतं. एक सोफा, तारांची वेटोळी, अर्धवट खाल्लेली केळी. ती सोफ्याच्या हातावर बसून पायातले बूट काढत होती. टॉवेल खांद्यावर. मला बघून उठली, पण जवळ आली नाही.

"जाड झालीस, ताई," ती म्हणाली.

"तू वाळलीस."

आम्ही दोघी हसलो. मग हसण्यासारखं काही उरलं नाही. कानांत माझ्या शिट्टी वाजत होती, त्यातून तिचं बोलणं पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं येत होतं.

"तुला त्यांनी कधी चापटसुद्धा मारली नाही," मी म्हणाले.

"नाही मारली."

"मग?"

"मग काय? गाण्यात 'मी' आहे. 'मी' म्हणजे जो गाईल तो. बाहेर सगळ्यांनी म्हटलं, त्या सगळ्यांना काय बाबांनी मारलं होतं?"

"त्यांनी पाठ नाही गोंदवून घेतली."

ती टॉवेलनं मान पुसत राहिली. मी विचारलं, "ती खांद्याखालची खूण तुला एवढी नेमकी कशी ठाऊक?"

"मलम कोण लावायचं तुला?" ती म्हणाली. "आई तर खोलीत यायची नाही. मी लावायचे. बोटानं. तुझ्या पाठीवरचा रस्ता न् रस्ता मला ठाऊक होता. तू पालथी झोपायचीस, हूं की चूं नाही, आणि मी रात्रभर जागी. तुला मार बसायचा ताई, पण ऐकावं मला लागायचं. त्याचं काय करायचं होतं मी?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. "तू मला विचारायला हवं होतंस," मी म्हणाले.

"तू सांगणार होतीस कुणाला, कधी?"

"नाही."

"मग? तू टाकून दिलं होतंस, मी उचललं."

"टाकलं नव्हतं," मी म्हणाले. "ठेवलं होतं."

तिच्या तोंडावर काहीतरी हललं. आठ वर्षांची असताना काही सांडलं की हलायचं तसंच. ती एक पाऊल पुढे आली. मला वाटतं, ती माझा हात धरणार होती. निदान मी तसं धरून चालले आहे. पण तेवढ्यात दार उघडलं आणि त्यांच्या बँडची व्यवस्था बघणारा माणूस पाचसहा पोरींना घेऊन आत आला. ह्यांना आधीच कबूल केलं होतं म्हणाला, पाचच मिनिटं. पोरी धावल्या. धाकटीनं एकेकीला मिठीत घेतलं. चांगली घेत होती ती मिठी, घाई न करता, पाठीवर हात सपाट ठेवून. एक किरकोळ पोरगी तिच्या खांद्यात डोकं खुपसून बराच वेळ हुंदके देत राहिली. "घरी अजून चालू आहे का?" धाकटीनं तिच्या कानात विचारलं. पोरीनं मानेनंच हो म्हटलं. "निघ तिथून. कुणीतरी उघडेल तुला दार. मी निघाले होते." मी भिंतीला टेकून ऐकत होते. मनात म्हटलं, ह्या पोरीला जर हे गाणं उपयोगी पडत असेल तर पडू दे, माझी पाठ काय मला रोज लागते? खरंच म्हटलं असं. तेवढ्यापुरतं ते मला जमलं होतं.

"ह्या कोण?" त्या पोरीनं डोळे पुसत विचारलं.

"माझी ताई," धाकटी म्हणाली. "थोरली."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. आधी नुसतंच, मग तिचा चेहरा हळूहळू आवळत गेला. विशीच्या आतलीच असेल. रडून नाक लाल झालं होतं.

"थोरल्या?" ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही तेव्हा घरात होतात?"

खोलीतल्या बाकीच्या पोरी माझ्याकडे वळल्या. व्यवस्था बघणारा माणूस घड्याळ बघत होता, त्यानंही मान वर केली.

"होतात ना घरात? तिला मारत होते तेव्हा? आणि तुम्ही काही केलं नाहीत?"

मी धाकटीकडे पाहिलं. फार काही नको होतं मला. एक वाक्य. अर्धं चाललं असतं. तिनं ओठ उघडले. ते तोंड, ज्यातून निघालेल्या शब्दाला मघाशी हजार माणसं उत्तर देत होती, ते माझ्यासमोर उघडं राहिलं, खालचा एक दात किंचित पुढे आलेला, तो लहानपणीही तसाच होता. मी थांबले. मी चांगली थांबले, घाई केली नाही. मग तिनं खाली वाकून सोफ्याखाली सरकलेला दुसरा बूट शोधायला सुरुवात केली.

"होते," मी त्या पोरीला म्हणाले. "घरातच होते."

पोरगी माझ्यापासून लांब झाली. मी गेल्यावर माझ्याबद्दल बोलता यावं म्हणून त्या सगळ्यांनी मला वाट करून दिली, कुणाचा धक्कासुद्धा लागू दिला नाही. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. गोदामामागच्या बोळात दोघंजण मोठाल्या काळ्या पेट्या गाडीत चढवत होते, एक म्हणत होता, अरे हळू, काच आहे त्यात. मी बोळाच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागचं लोखंडी दार वाजलं आणि ती अनवाणी बाहेर आल्यासारखं वाटलं. "ताई," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "ताई, थांब ना." माईकशिवाय तिचा आवाज अगदीच लहान होता. कानांत माझ्या अजून शिट्टी वाजत होती. ऐकू आलं नाही असं म्हणायला तेवढी पुरेशी होती. मी चालत राहिले.